लूकने न लिहिलेली आई

एरिसा सेबुनियाचं तारण पळता पळता झालं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगतो. मित्यानाच्या बालोकोले मंडळींत, म्हणजे तारण झालेल्यांच्या त्या कडक गटात, बाकीच्यांच्या साक्षी कशा भारदस्त. कुणाला आजारपणात हाक ऐकू आली, कुणी दारूच्या पिंपातून डोकं काढलं ते थेट बायबलात घातलं. एरिसा मात्र साठ-सत्तर माणसं मागे लागली म्हणून चर्चमध्ये शिरला, आणि ती माणसं दाराशी खोळंबून राहिली म्हणून आतच बसला.

तेव्हा तो व्हीजे किबुयागा होता. व्हीजे म्हणजे व्हिडिओवर बोलणारा, आणि किबुयागा म्हणजे वादळ. हे नाव त्याने स्वतःच स्वतःला दिलं होतं, कारण दुसरं कुणी देईल अशी लक्षणं दिसत नव्हती. बाजारामागे पत्र्याचा व्हिडिओ हॉल होता. आत लाकडी बाकं, समोर एक टीव्ही आणि टीव्हीशेजारी उंच स्टुलावर माइक धरून एरिसा. सिनेमा चिनी असो की हिंदी, त्याचा आवाज बारीक करायचा आणि लुगांडात, म्हणजे तिथल्या भाषेत, सगळं सांगत सुटायचं, हे त्याचं काम. टीव्हीतला माणूस नुसता 'नाही' म्हणाला, तरी एरिसा त्याच्या तोंडी पाच वाक्यं घालायचा, त्यातलं एक तरी गावातल्या कंजूष खाटकाबद्दल. हिंदी सिनेमातली आई दिसली रे दिसली की तो म्हणायचा, "मंडळी, रुमाल काढा. बाई शिवणयंत्राकडे निघालीय." हिंदीचं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पंधरा वर्षांत त्याला एवढंच उमगलं होतं, की त्या देशात आई घातल्याशिवाय सिनेमा काढू देत नसावेत.

एके दिवशी ऐन सिनेमात वीज गेली. लोक पैसे परत मागू लागले. मालक घामाघूम झाला. एरिसा म्हणाला, "बसा! मला पुढचं पाठ आहे," आणि टीव्ही काळाठिक्कर असताना नुसत्या तोंडाने त्याने पाऊण तास पुढचा सिनेमा सांगितला. मारामाऱ्या झाल्या, पूर आला, शेवटी नायकाचं मुकोनोच्या एका मुलीशी वाजतगाजत लग्न झालं. लोकांनी बाकं बडवली. एरिसाच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा क्षण, आणि नेमकी तेव्हाच वीज आली. खरा सिनेमा पुढे सरकला, आणि ज्याचं आत्ताच लग्न लागलं होतं तो नायक सगळ्यांच्या देखत बंदुकीच्या गोळीने मेला. मग लोक उठले ते एरिसाच्याच दिशेने.

तो बुधवार होता. टेकडीवरच्या चर्चमध्ये बालोकोलेंची बैठक चालली होती. या बैठकीची रीत अशी, की एकेकाने उठायचं आणि आठवडाभराचं पाप सगळ्यांसमोर उजेडात आणायचं. एरिसा धापा टाकत मधल्या बाकावर कोसळला. बैठक चालवणारी ज्याज्या युनिया तेव्हा सत्तरीची होती. ज्याज्या म्हणजे आजी. तिला ऐकू कमी येतं, पण पाप बरोबर ऐकू येतं.

"काय रे, का पळतोयस?"

"ज्याज्या, मी एका माणसाचं लग्न लावलं आणि तो मेला."

"आधी बस. मग नीट सांग."

त्याने नीट सांगितलं. त्याला वाटलं होतं लोक हसतील, कारण तोपर्यंत त्याच्या बोलण्यावर लोक हसायचेच. इथे कुणी हसलं नाही. "मी थापाड्या आहे," असं वाक्य त्याच्या तोंडून निघालं, आणि ते ऐकून सगळ्यात जास्त दचकला तो एरिसाच. त्याला रडू फुटलं. बाहेरची माणसं कंटाळून घरी गेली तरी तो आतच होता. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली.

स्टूल सुटलं, माइक सुटला. मित्याना रोडवर त्याने रेडिओ आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. एक गोष्ट मात्र जमली नाही, ती म्हणजे त्याची बायको फेरेसी. ती दर रविवारी यायची, शेवटच्या बाकावर हँडबॅग मांडीवर घेऊन बसायची, आणि 'ज्यांना प्रभूला शरण यायचंय त्यांनी पुढे या' असं म्हटलं की छताकडे बघायची. एरिसा घरी विषय काढायचा.

"ताता एझेरा," ती म्हणायची, कारण थोरला मुलगा एझेरा, आणि त्या बाजूला नवऱ्याला मुलाचा बाप म्हणूनच हाक मारतात, "घरात एक तारण झालेला पुरे आहे. दोघंही झालो तर मटोक्याची कच्ची केळी कोण सोलणार?"

मग एरिसा गुडघे टेकायचा. त्याने तिच्यासाठी अकरा वर्षं प्रार्थना केली, आणि दर वेळी त्याला मनातून वाटायचं की ही आपल्याला ओळखून आहे म्हणूनच येत नाही. शेजारणीच्या नवऱ्यासारखा देवदूत नवरा असता तर ती केव्हाच पुढे गेली असती. हे दुःख त्याने कुणाला सांगितलं नाही, बैठकीतसुद्धा नाही. तिथे तो दर बुधवारी गर्व उजेडात आणायचा, कारण गर्व कधीही खपतो. ज्याज्या युनिया म्हणायची, "गर्व मागच्या बुधवारीही आणला होतास. नवीन काही असलं तर आण."

गर्वाला कारण होतं. चर्चमध्ये बाहेरचा इंग्रजी बोलणारा उपदेशक आला की शेजारी उभं राहून त्याचं लुगांडात सांगायला एरिसालाच बोलवायचे. माइक हातात आला की त्याच्या अंगात काहीतरी शिरायचं. उपदेशक म्हणे, "गल्याथ उंच होता." एरिसा सांगे, गल्याथ इतका उंच होता की त्याच्या आईला त्याच्या चपला आधी दिसायच्या आणि तो पंधरवड्याने. त्याने नोहाच्या बायकोला जहाजातल्या वासाबद्दल बोलायला लावलं. झावळ्यांच्या रविवारी, प्रभू गाढवावर बसून शहरात येतो त्या गोष्टीत, तर गाढव स्वतःच बोललं. हे सगळं त्याला पाप वाटत नव्हतं. लोकांना नीट समजावं म्हणून देवाच्या वचनाला थोडं मीठ लावतोय, असं तो स्वतःला सांगायचा. इंग्रजी समजणारी चार-दोन माणसं हसताना दिसायची, पण ती सगळ्यांबरोबर हसताहेत असं त्याने धरून चाललं होतं.

त्या अकराव्या वर्षी ऑगस्टमध्ये तीन दिवसांच्या संजीवन सभा ठरल्या आणि केनियातल्या किसुमूहून कॅनन ओग्वेनो आले. कॅनन म्हणजे वरच्या दर्जाचे पाद्री. बारीक चणीचे, निवृत्त, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. त्यांचं बोलणं इतकं हळू की पहिल्या रांगेनेही कान पुढे करावेत. एक छोटं वाक्य बोलायचं, थांबायचं, मग दुसरं. थांबणं हा एरिसाचा शत्रू. ज्याने वीज गेल्यावर पाऊण तास काढला त्याला पाच सेकंदांची शांतता म्हणजे जिवावरचं दुखणं.

शुक्रवारी त्याने जीभ आवरली. शनिवारी ती सुटली. दुपारी चहाच्या वेळी कॅननांनी त्याला बाजूला बोलावलं.

"ब्रदर सेबुनिया, तुमची भाषा लांब आहे का हो?"

"फार लांब आहे, कॅनन."

"मी म्हणालो, देव चांगला आहे. तुम्ही अडीच मिनिटं बोललात. मी घड्याळ बघत होतो."

"आमच्याकडे नुसतं चांगला म्हणून भागत नाही. चांगला म्हणजे कसा, ते सांगावं लागतं."

"आणि लोक हसले का?"

"आनंदाने, कॅनन."

कॅननांनी मान डोलावली आणि चहात आणखी एक चमचा साखर घातली. या माणसाला काहीच कळलेलं नाही, असं एरिसाने ठरवून टाकलं आणि तो खुशीत घरी गेला.

रविवारी मांडव खचाखच भरला. विषय होता उधळ्या पुत्राचा. बापाकडून वाटा घेऊन मुलगा परदेशी गेला, सगळं उडवलं, डुकरं राखायची वेळ आली तेव्हा घरी परत निघाला. इथवर एरिसाने बराच संयम ठेवला. डुकरांच्या मालकाला खाटकाचं नाव दिलं एवढंच. मग कॅनन म्हणाले, "तो दूर असतानाच बापाने त्याला पाहिलं." आणि ते थांबले. त्यांनी पाण्याचा पेला उचलला. हळू हळू, म्हाताऱ्या माणसाने प्यावं तसं, ते पाणी प्यायला लागले.

पाचशे माणसं गप्प. एरिसाने आपल्या वाट्याचं एक वाक्य सांगून टाकलं. पेला अजून अर्धाच झाला होता.

"आणि आई?" एरिसाच्या तोंडून निघालं. "बाप दारात उभा होता, हे सगळ्यांना माहीत आहे. आईचं कुणी विचारलं? आई चुलीपाशी होती. पोरगा गेला त्या दिवसापासून ती रोज मटोके शिजवताना त्याचा वाटा वेगळा काढायची. केळीच्या पानात बांधायची, वर दुसरं पान लावायची, आणि चुलीच्या कडेला राखेजवळ ठेवायची, गार होऊ नये म्हणून. येईल, नाही येईल, ते देवाला माहीत. सकाळी ती पुडी उघडायची, शेळीला घालायची, आणि कुणाला बोलायची नाही. विचारलंच कुणी तर म्हणायची, जास्तीचं उरलं होतं. लोकहो, तिला रोज बरोबर तेवढंच कसं उरायचं?"

कुठून आलं हे, त्याला कळलं नाही. बायकांच्या बाजूला रुमाल डोळ्यांना लागले. एक बोडावाला, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाला, जो गाडी लावून फक्त सावलीसाठी आत आला होता, तोही डोळे पुसत होता. कॅननांनी पेला खाली ठेवला, समोर पाहिलं, आणि एरिसाकडे झुकून हळूच विचारलं,

"मी काय म्हणालो?"

"बाप धावला, कॅनन."

"मी अजून तिथवर आलोच नव्हतो," कॅनन म्हणाले. मग थोडं थांबून, "बरं. चला पुढे."

शेवटी शरण येणाऱ्यांना पुढे बोलावलं. सोळा जण आले. एरिसा मनातल्या मनात मोजत होता, आणि खोटं कशाला बोला, सोळांपैकी दहा तरी आपले असा हिशेबही करत होता. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून कुणीतरी उठलं. हँडबॅग काखेत धरून, कुणाकडेही न बघता, फेरेसी मधल्या वाटेने चालत आली आणि ओळीच्या टोकाला उभी राहिली. कॅननांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ती लुगांडात सांगायची होती. त्या एका प्रार्थनेचं भाषांतर एरिसाकडून झालंच नाही. तो माइक धरून नुसता तिच्याकडे बघत होता, आणि लोकांना वाटलं पवित्र आत्म्याने त्याला धरलं.

आनंद तासभर टिकला. घरी जाताना त्याने विचारलं, "न्याबो, कुठल्या वचनाने तुला धरलं?" न्याबो म्हणजे बाई, तिथलं अदबीचं संबोधन. अदबीने विचारायचाच प्रसंग होता.

"त्या आईच्या," फेरेसी म्हणाली.

एरिसा वाटेतच थांबला. लूकच्या शुभवर्तमानात त्या गोष्टीत आई नाही. बाप आहे, दोन मुलगे आहेत, नोकर आहेत, पोसलेलं वासरूसुद्धा आहे; आई कुठेच नाही. ती त्याने आत घुसवली होती. आणि कुठून आणली असेल, हे त्याला आता कळत होतं: हिंदी सिनेमातून! पंधरा वर्षं त्या बायांना रडवण्यात गेली, त्यातलीच कुठलीतरी शिवणयंत्रावरून उठून बायबलात येऊन बसली. म्हणजे त्याची बायको, जिच्यासाठी त्याने अकरा वर्षं गुडघे झिजवले, ती देवाच्या वचनाने पुढे गेली नव्हती. ती व्हीजे किबुयागाच्या थापेवर गेली होती.

पुढचं संकट बुधवारचं. नवीन शरण आलेल्याने पहिल्या बैठकीत उभं राहून साक्ष द्यायची असते, कुठल्या वचनाने धरलं ते सांगायचं असतं. फेरेसी सांगणार 'त्या आईच्या', आणि समोर बसलेले म्हातारे, ज्यांना बायबल पानासकट पाठ, ते विचारणार: कुठली आई, कुठला अध्याय? सगळ्यांदेखत तिचं हसं होणार. मग ती हँडबॅग उचलून जे जाईल ते परत कधी यायची नाही, चर्चमध्येही आणि कदाचित त्याच्याशी बोलायलाही.

कॅननांना गाठावं म्हणून तो पळत गेला, तर त्यांची बस सुटलेली. सोमवारी फेरेसी म्हणाली, "ताता एझेरा, ते उधळ्या पुत्राचं पान काढून द्या ना. वाचावंसं वाटतंय." यावर सरळ माणसाने खरं सांगून टाकलं असतं. एरिसा म्हणाला, "बायबलाची शिवण उसवलीय. दुकानात नेऊन डकवतो." आणि त्याने खरंच घरातलं बायबल पिशवीत घालून रेडिओच्या दुकानात नेलं. तिथे दोन दिवस ते फुटक्या स्पीकरांखाली पडून होतं. सोल्डरिंगचा धूर डोळ्यात जात असताना तो स्वतःला म्हणत होता, शाबास सेबुनिया, तारण होऊन अकरा वर्षं झाली आणि आज तू बायकोपासून देवाचं वचन लपवतोयस. सिनेमात असा माणूस दिसला असता तर त्याने त्याला खाटकाचं नाव दिलं असतं.

मंगळवारी ती म्हणाली, "डकवलं का?"

"गोंद वाळतोय."

"फार वेळ लागतो बाई तुमच्या गोंदाला," फेरेसी म्हणाली आणि केळी सोलत राहिली.

बुधवारी दुपारपर्यंत त्याचा निर्णय झाला. तिच्या आधी आपण उठायचं. सगळं उजेडात आणायचं. तोंडघशी पडायचंच असेल तर आपण पडू. त्याला एकच भीती होती, की खरं कळल्यावर तिचा नुकताच पेटलेला विश्वास विझेल, आणि तो विझवणारा आपणच असू. पण लोकांनी तिला हसण्यापेक्षा ते बरं.

बैठकीला नेहमीपेक्षा जास्त माणसं होती, कारण सेबुनियाची बायको बोलणार ही बातमी टेकडीभर झाली होती. ज्याज्या युनिया आता ऐंशी ओलांडून गेली होती, पण खुर्ची तीच. गाणं झालं, प्रार्थना झाली, आणि ज्याज्याने "फेरेसी, ये मुली," म्हणेपर्यंत एरिसा ताडकन उभा राहिला होता.

"ज्याज्या, आधी मी. माझं पाप फार मोठं आहे."

"गर्व का?"

"नाही. म्हणजे तोही. पण हे निराळं आहे." त्याने डोळे मिटले. "रविवारी कॅननांनी आईचं काही सांगितलं नव्हतं. ते पाणी पीत होते. आई मी घातली. लूकमध्ये आई नाही. ती मी एका हिंदी सिनेमातून चोरली, कुठल्या ते आठवत नाही. गल्याथच्या चपला माझ्या, नोहाची बायकोही माझी. अकरा वर्षं मी तुम्हाला फसवतोय. मला माफ करा."

त्याने डोळे उघडले. त्याला वाटलं होतं, कुणीतरी हुंदका देईल, निदान मान तरी फिरवेल. म्हातारा योकाना मागून म्हणाला, "हे आम्हाला माहीत आहे."

"काय?"

"अरे, आमच्या घरी बायबलं नाहीत का? गाढव बोललं त्या दिवशी मी घरी जाऊन चारही शुभवर्तमानं चाळली, उगाच शंका नको म्हणून."

"माझा जावई इंग्रजीचा मास्तर आहे," दुसरी एक बाई म्हणाली. "तो येताना म्हणतोच, आज दोन उपदेश ऐकायचेत."

"मग तुम्ही मला कधी बोलला का नाहीत?"

"तू कधी उजेडात आणतोस याची वाट बघत होतो," ज्याज्या युनिया म्हणाली. "अकरा वर्षं लावलीस. बस आता खाली. पाहुणे जातात तेव्हा त्यांना मी सांगते, आमच्या दुभाष्याला थोडा आजार आहे. कॅननांनाही शनिवारीच सांगितलं होतं."

एरिसा बसला. स्वतःला केवढा थोर पापी समजत होता तो! त्याच्या पापाची कुणी साधी बातमीही केली नव्हती. पण हसायची ही वेळ नव्हती, कारण फेरेसी उठत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. आपण तिच्या पायाखालची जमीन काढून घेतली, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"मंडळी," फेरेसी म्हणाली, "माझे वडील चर्चचे वाचक होते. लूकचा पंधरावा अध्याय त्यांनी मला सात वर्षांची असताना पाठ करायला लावला. एक शब्द चुकला की पहिल्यापासून. त्यात आई नाही, हे मला या माणसाच्या आधीपासून माहीत आहे. बिचाऱ्याने माझ्यापासून लपवायला बायबल रेडिओच्या दुकानात नेलंय. गोंद वाळतोय म्हणे."

बैठक खो खो हसली. एरिसाला बाकाखाली जागा असती तर तो तिथे गेला असता. सासरा वाचक होता हे त्याला ठाऊक होतं, पण ते या कामी आठवायचं असतं हे सुचलं नव्हतं.

"आता त्यांनी सांगितलं ते पाप खरं आहे, पण तेही नीट सांगता आलं नाही त्यांना. ती आई हिंदी सिनेमातली नाही. हिंदी सिनेमात कोण मटोके केळीच्या पानात बांधतं? राखेजवळ कोण ठेवतं? ज्याज्या, हे व्हिडिओ हॉलमध्ये होते ना, ती पंधरा वर्षं घरी यायचा काही नेम नसायचा. मी त्यांचा वाटा बांधून ठेवायची. आले तर जेवायचे, नाहीतर सकाळी शेळीला. मी कधी बोलले नाही. यांनी कधी विचारलं नाही. पुडी समोर असायची, हे खायचे, पान टाकायचे आणि झोपायचे. मला वाटायचं, हे कुणी पाहिलेलंच नाही. या घरात नाही, वर आभाळातही नाही. म्हणून मी पुढे येत नव्हते. ज्या देवाला एवढंसं दिसत नाही, त्याच्याकडे जाऊन करायचं काय?"

म्हातारा योकाना पुढे सरकून ऐकू लागला.

"रविवारी पाचशे माणसांसमोर माझी पुडी उघडली. दुसरं पान वरून लावायची, तेसुद्धा सांगितलं. मी म्हटलं, अरे, यांनी पाहिलं होतं! मला राग आला, रडू आलं, सगळंच आलं. पण आत्ता तुम्ही ऐकलंत ना? यांना माहीतच नाही ते कुठून आलं. सिनेमातलं म्हणताहेत. जे यांनी पाहिलंच नाही, ते यांच्या तोंडात घातलं कोणी? मी त्याच्याकडे गेले. यांच्याकडे बघून कोण जाईल?"

एरिसाला त्या क्षणी सगळं दिसलं. राखेजवळची पुडी, वरचं पान कोमेजून कडेला तपकिरी पडलेलं, आतून येणारी वाफ. तो ती दर वेळी उघडून, पुढचा सिनेमा डोक्यात घोळवत जेवला होता. त्याला इतकी लाज वाटली की ती सांगायला त्याच्याकडे एक शब्द नव्हता, आणि त्याबद्दलही त्याला लाज वाटली.

"आता तुझं पाप आण, मुली," ज्याज्या युनिया म्हणाली. रीत म्हणजे रीत.

फेरेसीने जरा विचार केला. "बाजारातून मांस आणलेलं असायचं त्या दिवशी मी पुडीतले मोठे तुकडे काढून खायची आणि परत बांधून ठेवायची. हे नेहमी म्हणायचे, खाटीक हाडंच घालतो. खाटकाला यांनी सिनेमात जे काही म्हटलंय ना, त्याचं पाप माझ्या डोक्यावर आहे."

या खेपेस म्हातारा योकाना हसता हसता बाकावरून घसरला. ज्याज्याने सगळ्यांना गप्प केलं आणि एरिसाकडे काठीने खूण केली.

"सेबुनिया. पंधरा वर्षं जेवलास. जेवून उठल्यावर आपण रांधणारीला काय म्हणतो?"

हे तिथे दोन वर्षांच्या पोरालाही शिकवतात. पाहुणा असो, नवरा असो, जेवून हात धुतला की रांधणारीला ते वाक्य म्हणायचं, आणि तिने तिचं म्हणायचं. एरिसा उठला. समोर माइक नव्हता, शेजारी कुणी उपदेशक नव्हता, आणि साठ माणसं त्याच्याकडे बघत होती.

"छान रांधलंस, फेरेसी."

एवढंच. एक शब्दही त्याने वर घातला नाही. फेरेसीला तिचं वाक्य आठवावं लागलं, कारण ते तिलाही इतक्या वर्षांत म्हणावं लागलं नव्हतं.

"जेवलात, बरं केलंत," ती म्हणाली, आणि डोळे पुसत खाली बसली.